गाव महापालिकेत गेले, हिशेब मागे राहिला : पुण्यालगतच्या एका समाविष्ट गावाचे प्रकरण

या प्रकरणातील गाव, गृहसंस्था, विकसक आणि माणसे यांची नावे वगळली आहेत आणि रकमा ओळख पटू नये इतपत गोल केल्या आहेत. मी निवृत्त लेखापरीक्षक असून याच गावातील एका गृहसंस्थेचा त्या काळातील खजिनदार होतो. घटनांचा मी साक्षीदार होतो आणि काही निर्णयांत माझाही वाटा होता, हे वाचकाने लक्षात ठेवून वाचावे.

पार्श्वभूमी

30 जून 2021 रोजी राज्य सरकारने 23 गावे पुणे महापालिकेच्या हद्दीत समाविष्ट केली. त्याआधी 1997 मध्ये 38 गावे आत घेतली गेली होती व त्यांतली काही पुढे वगळली गेली. ऑक्टोबर 2017 मध्ये आणखी 11 गावे आली. 2021 च्या विस्तारानंतर महापालिकेचे क्षेत्र 500 चौरस किलोमीटरच्या पुढे गेले आणि क्षेत्रफळात ती मुंबई महापालिकेपेक्षाही मोठी ठरली. आमचे गाव या 23 पैकी एक.

गावाची दोन रूपे होती. जुने गावठाण, त्याभोवतीच्या वाड्या आणि भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या चाळी हे एक. आणि गेल्या बारा-पंधरा वर्षांत शेतजमिनींवर उभ्या राहिलेल्या दहा-बारा मजली इमारती हे दुसरे. ग्रामपंचायतीची नळपाणी योजना एक विहीर, तीन मोटारी आणि एका उंच टाकीवर चालत होती व ती गावठाणापुरतीच पुरत होती. इमारतींना पहिल्या दिवसापासून टँकरचेच पाणी होते.

हस्तांतरणाच्या दिवशी मी योगायोगाने ग्रामपंचायत कार्यालयात होतो. एका सभासदाच्या गृहकर्जासाठी आठ-अचा, म्हणजे मिळकतीच्या नोंदीचा उतारा हवा होता, म्हणून भाऊसाहेबांना (ग्रामसेवकांना) भेटायला गेलो होतो. खोलीच्या मधोमध दोन लोखंडी कपाटे उघडी होती, नमुना 8 च्या, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवह्या टेबलावर रचून ठेवल्या होत्या आणि महापालिकेकडून आलेले एक लिपिक वस्तूंची यादी लिहून घेत होते. मोटारी किती, असे त्यांनी विचारले. भाऊसाहेब म्हणाले, "तीन. त्यातली एक जळालेली आहे, दोन महिने झाले." लिपिकांनी तीन लिहिले, शेऱ्यात 'नादुरुस्त' असे लिहिले आणि पुढची ओळ घेतली. मी एक वही चाळत होतो. एका पानावर 'वीट-मातीचे घर, वर पत्रा' अशी नोंद होती आणि त्या मालमत्तेचा क्रमांक पाहून मला ती जागा आठवली. तिथे आता तळमजला धरून तीन मजली चाळ उभी आहे आणि किमान अठरा बिऱ्हाडे राहतात. ती नोंद अनेक वर्षे तशीच पुढे ओढली गेली होती.

पुढच्या पाच वर्षांतले बहुतेक सगळे आर्थिक प्रश्न त्या खोलीत त्या दिवशी समोर पडलेले होते. लेखापरीक्षणात आयुष्य काढूनही ते मला तेव्हा दिसले नाहीत, याची मला आजही खंत वाटते.

प्रश्न काय होता

हद्द एका अधिसूचनेने बदलते, पण पैसा अधिसूचनेने बदलत नाही. खर्चाची जबाबदारी त्याच दिवशी नव्या संस्थेवर येते आणि उत्पन्न मात्र वर्षानुवर्षे हप्त्याहप्त्याने येत राहते. ही फट किती रुंद असते, हे आमच्या गावात चार ठिकाणी दिसले.

पहिले म्हणजे मिळकतकर. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम 129-अ नुसार समाविष्ट भागात पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्याच दराने कर घेतला जातो आणि त्यानंतर 20 टक्क्यांच्या टप्प्यांनी तो पाच वर्षांत पूर्ण महापालिका दरावर नेला जातो. नागरिकाला एकदम धक्का बसू नये म्हणून ही तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. परंतु तिचा अर्थ असाही होतो की ज्या वर्षांत जलवाहिनी, मलवाहिनी आणि रस्ता यांवर सर्वाधिक खर्च करायचा, नेमक्या त्याच वर्षांत त्या गावातून सर्वांत कमी कर मिळतो. त्यातही सगळा पाया नमुना 8 च्या नोंदींचा. जी चाळ वहीत पत्र्याचे घर म्हणून नोंदली आहे, तिचे फेरमोजमाप होईपर्यंत टप्पे पत्र्याच्या घरावरच चढतात.

दुसरे म्हणजे वस्तू व सेवा कराची भरपाई. जकात आणि नंतर स्थानिक संस्था कर गेल्यावर राज्य सरकार महापालिकांना जी भरपाई देते, तिचे आधारवर्ष 2016-17 आहे आणि त्यावर दरवर्षी 8 टक्के वाढ धरली जाते. 2017 आणि 2021 मध्ये आलेली गावे त्या आधारवर्षाच्या उत्पन्नात नव्हती. म्हणजे गाव आत आल्याने लोकसंख्या वाढली, कचरा वाढला, दिव्यांचे खांब वाढले. हा आधार मात्र जिथल्या तिथेच राहिला.

तिसरे म्हणजे बांधकाम परवानगीचे पैसे. गावे महापालिकेत आली, तरी या 23 गावांसाठी बांधकाम परवानगी देणारे नियोजन प्राधिकरण म्हणून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणालाच (पीएमआरडीए) ठेवण्यात आले. त्यामुळे नव्या इमारतीचे विकास शुल्क एका संस्थेकडे आणि त्या इमारतीतल्या माणसांना पाणी देण्याचे दायित्व दुसऱ्या संस्थेकडे, अशी विभागणी झाली. वाढत्या गावात विकास शुल्क हेच एकरकमी मोठे उत्पन्न असते. जलवाहिनीचा पहिला टप्पा त्यातूनच टाकता येतो. या एका मुद्द्यावर माझे मत ठाम आहे: शुल्क घेणारा आणि वाहिनी टाकणारा वेगळे असतील, तर वाहिनीचे काम नेहमीच उद्यावर जाते.

चौथे म्हणजे खुद्द पाणी, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष गेले. ग्रामीण योजना दरमाणशी दररोज 55 लिटर धरून आखल्या जातात, तर शहराचे प्रमाण 135 लिटरचे आहे. गाव शहर झाले की कागदावर त्याची गरज अडीचपट होते. विहीर, मोटार, टाकी, जमिनीखालचा पाइप आणि त्याचा व्यास यांपैकी एकही गोष्ट अडीचपट पाण्यासाठी बांधलेली नसते. जुन्या योजनेची डागडुजी करून भागत नाही. ती जवळजवळ नव्याने बांधावी लागते. समावेशाचा हा सर्वांत मोठा भांडवली खर्च समावेशाच्या चर्चेत क्वचितच मांडला जातो.

याखेरीज ग्रामपंचायतीचे कर्मचारी होते. त्यांना महापालिकेची वेतनश्रेणी मिळण्याची रास्त अपेक्षा होती. पाणीपुरवठ्याच्या वीजबिलाची थकबाकी होती. जिल्हा परिषदेच्या बाजूनेही वजाबाकी झाली, कारण गावातल्या दस्तनोंदणीवरच्या मुद्रांक शुल्कातील जिल्हा परिषदेचा आणि ग्रामपंचायतीचा हिस्सा बंद झाला. त्याची झळ मागे राहिलेल्या गावांना बसली, आणि त्यांना या निर्णयाबद्दल कोणी विचारले नव्हते.

रहिवाशांच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ साधा होता. ग्रामपंचायतीच्या काळात आम्ही टँकरचे पैसे देत होतो आणि घरपट्टी थोडी होती. आता टँकरचे पैसे तेवढेच राहिले आणि वर घरपट्टी चढू लागली.

कोणते पर्याय होते

2022-23 ची वाढीव बिले घरोघरी आली आणि जानेवारी 2023 मध्ये मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बैठक बोलावण्यात आली. गावठाणातील मंडळी आणि इमारतींचे पदाधिकारी प्रथमच एकत्र बसले होते. मार्च 2022 पासून महापालिकेवर प्रशासक होता. सरपंचपद गेले होते आणि नगरसेवक निवडून आला नव्हता. त्यामुळे ज्याच्या घरी जाऊन भांडावे असा माणूसच गावात उरला नव्हता. या बैठकीतून कृती समिती स्थापन झाली आणि त्यामागे हे कारण कराइतकेच मोठे होते.

माजी सरपंच आप्पांनी कर न भरण्याचा प्रस्ताव मांडला. सुविधा नाही तर कर नाही, ही घोषणा सोपी होती आणि गावठाणात तिला लगेच पाठिंबा मिळाला. आप्पांची बाजू नुसती भावनिक नव्हती. चाळवाल्यांना निवासी दराऐवजी भाड्याच्या मिळकतीचा दर लागणार होता आणि त्यांच्यापैकी अनेकांचे सारे उत्पन्न त्या खोल्यांच्या भाड्यावर होते.

दुसरा पर्याय निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी मांडला. बिल भरावे, पण सोबत लेखी हरकत द्यावी आणि क्षेत्रफळ किंवा वापर चुकीचा लागला असेल तिथे दुरुस्तीचा अर्ज करावा. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला मिळणारी 40 टक्के सवलत कोणाकोणाला मिळालेली नाही, हेही घराघरांत तपासावे, असे त्यांचे म्हणणे होते.

तिसरा पर्याय महापालिकेतून बाहेर पडून स्वतंत्र नगरपरिषद मागण्याचा होता. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या 2017 मध्ये आत आलेल्या गावांना वगळण्याचा निर्णय नुकताच जाहीर झाला होता, त्यामुळे ही मागणी हवेत नव्हती. परंतु बाहेर पडण्यालाही किंमत असते. नगरपरिषदेला स्वतःचा मुख्याधिकारी, अभियंते, कर विभाग, अग्निशमन आणि पाण्याचा स्वतःचा स्रोत लागतो. महापालिकेने मधल्या काळात टाकलेल्या वाहिन्यांचा खर्च कोणाच्या नावावर राहायचा, हाही प्रश्न उरतो. फुरसुंगी-उरुळीची नगरपरिषद पुढे 2024 मध्ये अस्तित्वात आली. म्हणजे सात वर्षांत त्या गावांची आकारणी, दप्तर आणि कर्मचारी दोनदा हलले. एका पुनर्रचनेचा खर्च फिटण्याआधी दुसरी करणे परवडेल काय, असे मी बैठकीत विचारले आणि या एका प्रश्नापुरते लोकांनी माझे ऐकले. तिसरा पर्याय मागे पडला.

चौथा पर्याय कोणी नीट मांडलाच नाही. आमच्यासह बहुतेक नव्या इमारतींना परवानगी देताना विकसकाकडून हमीपत्र घेतले जाते, की सार्वजनिक पाणीपुरवठा मिळेपर्यंत रहिवाशांना पाणी पुरवण्याची जबाबदारी त्याची राहील. आमच्या इमारतीच्या कागदांतही असे हमीपत्र असणार, हे आमच्यापैकी दोघा-तिघांना ठाऊक होते. विकसकाने मात्र समावेशानंतर लगेच कळवले होते की आता गाव महापालिकेत गेले असल्याने पाणी ही महापालिकेची जबाबदारी आहे, आणि आम्ही ते मुकाट्याने मान्य केले होते. हद्द बदलली म्हणजे पाणी आले असे होत नाही. हमीपत्रातली अट पाणी येण्याची असते.

काय केले

बहुमताने कर न भरण्याचे ठरले. या निर्णयाजवळ मला थोडे थांबायचे आहे, कारण त्या संध्याकाळी सभामंडपात जे आकडे कोणाहीसमोर नव्हते, ते मांडणे माझे काम होते.

आमच्या संस्थेत 240 सदनिका आहेत. वर्षाची सरासरी काढली, तर दिवसाला 10,000 लिटरचे 8 टँकर लागत होते आणि एका टँकरला सुमारे 900 रुपये पडत होते. म्हणजे वर्षाला 26 लाख 28 हजार रुपये, आणि प्रत्येक सदनिकेमागे 10,950 रुपये. त्याच सदनिकेची ग्रामपंचायतीची घरपट्टी 2,100 रुपये होती व सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर महापालिकेचा मिळकतकर अंदाजे 9,600 रुपयांवर जाणार होता. आमचा सगळा राग 7,500 रुपयांच्या वाढीवर होता. ती वाढ पाच वर्षांत पसरून येणार होती. याउलट टँकरचे जवळजवळ 11,000 रुपये आम्ही दरवर्षी, कोणतीही बैठक न घेता, देखभाल शुल्कातून भरत होतो. त्यांबद्दल जाब विचारायला आमच्याकडे हमीपत्रासारखा भक्कम कागद होता. हा हिशेब मी घरी येऊन रात्री केला. बैठकीआधी केला असता, तर निदान इमारतींचा निर्णय वेगळा झाला असता असे मला वाटते.

थकीत मिळकतकरावर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो, हेही मला माहीत होते. मी ते बोललो, पण शेवटी आणि हळू आवाजात. आप्पा म्हणाले, "साहेब, सगळेच थकले तर सगळ्यांचंच माफ होतं." त्यावर मी गप्प बसलो.

पुढचे दीड वर्ष निवेदने, मोर्चे आणि कार्यालयातील भेटींत गेले. संबंधित अधिकारी बहुतेक वेळा सौजन्याने वागले. त्यांच्याकडे देण्यासारखे काही नव्हते, कारण गावासाठी स्वतंत्र तरतूदच अपुरी होती. गावठाणाला महापालिकेचे टँकर सुरू झाले. जुनी विहीर आणि टाकी तशीच चालू राहिली. बाईंनी मात्र बैठकीचा ठराव बाजूला ठेवून स्वतःचे बिल हरकतीसह भरले, क्षेत्रफळाची चूक दाखवून दिली आणि ती दुरुस्त करून घेतली. त्यांच्या मजल्यावरच्या आणखी सहा घरांनी तसेच केले.

काय निष्पन्न झाले

2024 मध्ये राज्य सरकारने समाविष्ट गावांतील मिळकतकराच्या वसुलीला स्थगिती दिली. गावात पेढे वाटले गेले, आणि आप्पांचे म्हणणे खरे ठरले असे सर्वांना वाटले. स्थगितीने नोटिसा आणि जप्तीची भीती थांबली, हा दिलासा खरा होता. परंतु स्थगिती म्हणजे माफी नव्हे. ज्यांना घर विकायचे होते किंवा बँकेकडे तारण ठेवायचे होते, त्यांना थकबाकी नसल्याचा दाखला लागतच होता. आमच्या संस्थेतील एका सभासदाला मुलीच्या शिक्षणासाठी सदनिका विकावी लागली, तेव्हा त्यांनी सर्व थकबाकी शास्तीसह एकरकमी भरली. कर न भरण्याच्या ठरावावर पहिली सही त्यांचीच होती. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही; पावतीची प्रत फक्त माझ्या टेबलावर ठेवून गेले.

दुसऱ्या बाजूला, वसुली थांबल्याने गावातून येणारे उत्पन्न आणखी घटले, आणि प्रत्येक भेटीत आम्हाला तेच ऐकावे लागले की या भागातून जेवढे येते त्याच्या कितीतरी पट टँकरवरच जाते. हे उत्तर आम्हाला आवडले नाही, पण हिशेबाच्या दृष्टीने त्यात चूक काढणे मला जमले नाही.

जानेवारी 2025 मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी आणि खडकवासला या परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले. ही सगळी 2017 व 2021 मध्ये समाविष्ट झालेली गावे. दूषित पाण्याकडे संशयाचे बोट गेले आणि वर्षानुवर्षे तशाच चालत आलेल्या विहिरी, टाक्या व खासगी टँकर प्रथमच बारकाईने तपासले गेले. आमच्या गावातही घबराट होती. पाणी उकळून पिण्याच्या सूचना प्रत्येक जिन्यात लागल्या. शुद्धीकरणाशिवाय विहिरीचे पाणी देत राहणे ही बचत नव्हती, तो पुढे ढकललेला खर्च होता आणि त्या हिवाळ्यात शेजारच्या गावांतील कुटुंबांनी तो अतिदक्षता विभागात भरला. मला या प्रकरणातला कोणताही आकडा यापेक्षा महत्त्वाचा वाटत नाही.

हमीपत्र आम्हाला अखेर माहिती अधिकारातून मिळाले. तोपर्यंत संस्थेचे हस्तांतरण होऊन गेले होते आणि ताबा घेताना पाण्याच्या अटीबद्दल एक ओळही आम्ही लिहून घेतली नव्हती. वकिलाच्या नोटिशीनंतर विकसकाने काही महिने टँकरचा अर्धा खर्च उचलला आणि मग थांबवला. त्याबद्दलचा वाद अजून चालू आहे.

पुन्हा करायचे झाले तर

समितीपुरते बोलायचे, तर पाणी आणि कर हे दोन तंटे आम्ही एकत्र बांधायला नको होते. करात चूक असेल तर ती प्रत्येक मिळकतीची वेगळी असते आणि दुरुस्तीच्या अर्जाने सुटू शकते. पाण्याची मागणी सामूहिक असते, आणि ती मांडणारा माणूस थकबाकीदार नसेल तर त्याच्या शब्दाला वजन राहते. गावठाण आणि इमारती यांचे हित कराबाबत वेगळे आहे, हे उघडपणे मान्य करून दोन वेगळे ठराव केले असते, तर एकीला तडा गेला नसता. आप्पांना चाळींच्या दरासाठी वेगळी दाद मागता आली असती आणि ती कदाचित अधिक ऐकली गेली असती.

हद्दवाढीच्या पद्धतीबद्दलही एका प्रकरणावरून जेवढे म्हणता येईल तेवढे मी म्हणतो. अधिसूचनेच्या आधी प्रत्येक गावाचा एक ताळेबंद तयार व्हायला हवा. त्यात योजनेची खरी क्षमता, थकीत वीजबिले, कर्मचाऱ्यांचे दायित्व आणि मिळकतींचे नवे मोजमाप असावे. 135 लिटरच्या प्रमाणाने पाणी द्यायला किती लागेल, ही रक्कम त्यात लिहिलेली असावी आणि कराचे टप्पे पूर्ण होईपर्यंतची तूट कोण भरणार, त्याचे नाव तिच्यासमोर असावे. मोजमाप समावेशाच्या आधी झाले, तर पत्र्याच्या घराची नोंद दुरुस्त करण्याचे अप्रिय काम नव्या संस्थेच्या पहिल्याच वर्षात येत नाही. आणि संक्रमणाच्या काळात विकास शुल्काचा ठरावीक हिस्सा त्याच गावाच्या पाण्यासाठी बाजूला काढण्याची अट आदेशातच असावी. यातले काहीही नव्या कायद्याशिवाय अशक्य आहे असे मला वाटत नाही.

हमीपत्रासोबत आम्ही हस्तांतरणाच्या यादीची प्रतही मागितली होती. ती चार पानांची आहे. कपाटे, खुर्च्या, नोंदवह्या, टाकीची क्षमता हे सगळे नीट अक्षरात लिहिलेले आहे. मोटारी तीन आहेत, तिसरीपुढे 'नादुरुस्त' हा शेरा आहे. शेवटच्या पानावर 'देणी व थकबाकी' असा एक रकाना छापलेला आहे, आणि तो कोरा आहे.